छंद की लोहारकाम?

सायकलची फ्रेम हाताने घडवणे हा एखाद्याचा छंद असू शकतो, असे आमच्याकडे म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती पैशांची आणि दुसरी येते ती अब्रूची. पहिली शंका लोक बोलून दाखवतात. बाजारात सबंध सायकल मिळत असता हा गृहस्थ नुसता सांगाडा घडवण्यात सहा सहा महिने का घालवतो? दुसरी शंका बोलली जात नाही, ती चेहऱ्यावर वाचावी लागते. शाळेतला मास्तर, त्यातून चार कादंबऱ्या नावावर असलेला, आणि सुटीच्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये डोळ्यांवर काळा चष्मा चढवून पितळ वितळवीत बसतो, हे काही बरे लक्षण नव्हे!

मागच्या वर्षी एका साहित्यमेळाव्यात, जेवणाच्या पंगतीला, एका ज्येष्ठ टीकाकारांनी मात्र ही दुसरी शंकाही स्वच्छ शब्दांत बोलून दाखवली. "अहो, तुमची शेवटची कादंबरी यायला सहा वर्षे लागली. त्यातली तीन त्या लोहारकामात गेली म्हणे!" पंगत हसली. मी जिलबी वाढून घेतली आणि बोललो नाही, कारण पंगतीत वाद घालू नये असे आमच्या घरचे वळण आहे. दिवाळी अंकात वाद घालायला हरकत नसते. तेव्हा पैशांच्या आणि अब्रूच्या या दोन्ही शंकांचा समाचार येथे घ्यायचे योजले आहे; आणि ओघात, हा छंद करणारे जे माझे सहधर्मी आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द भांडायचे आहे.

प्रथम वादाचा विषय नीट मांडतो, कारण ज्याला लोहारकाम म्हणून हिणवले जाते ते काय असते हे हिणवणाऱ्यांनी सहसा पाहिलेले नसते.

१८८५ साली इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली ‘रोव्हर’ सायकल आणली. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत सायकलच्या सांगाड्याचा आकार पक्का झाला आणि तो आजही टिकून आहे. पुढे एक मोठा त्रिकोण, मागे एक लहान. नळ्या मोजक्याच. पण त्या नळ्या म्हणजे घरातले पाण्याचे पाईप नव्हेत. ताण येतो तो सांध्याजवळ, मध्यावर फारसा नाही. म्हणून नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असावी, हा विचार बर्मिंगहॅमच्या, मूळच्या खिळे करणाऱ्या, रेनॉल्ड्स घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने केला आणि १८९७ साली तशा नळीचे पेटंट घेतले. पुढे १९३५ साली याच कारखान्याची ‘५३१’ ही नळी आली आणि युरोपातल्या शर्यतींच्या सायकलींवर तिचे कितीतरी वर्षे राज्य होते. मिलानच्या कोलंबस कंपनीची ‘एसएल’ नळी घ्या. टोकांना तिची जाडी ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर. सणसणीत माणूस या ०.६ मिलिमीटर पोलादावर भरवसा ठेवून घाट उतरतो.

ही नळी हॅक्सॉने कापायची. तिचे तोंड कानशीने असे कोरायचे की दुसऱ्या नळीच्या गोलाईला ती नीट बिलगावी. मागे दिवा धरला तर फटीतून उजेड दिसता कामा नये. जोडावर पोलादी बाही बसवायची, तिला ‘लग’ म्हणतात. आत बाहेर टाकणखाराचा लेप द्यायचा, सोनार देतो तसाच. मग गॅसच्या ज्योतीने सांधा तापवायचा. पितळी सळई ९०० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी होते. पोलाद वितळायला १५०० अंशांच्या जवळ जावे लागते. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत ही सारी कला राहते. सांधा योग्य तापला की पितळ आपण होऊन आत शिरते, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे. शाळेच्या पुस्तकात त्याला केशाकर्षण म्हणतात. उष्णता कमी पडली तर पितळ गोळा होऊन दाराशीच बसते. जास्त झाली तर पातळ नळीचा जीव जातो. आत पितळ पोहोचले की नाही हे बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. लगच्या दुसऱ्या कडेला एक बारीक सोनेरी रेघ उमटते, तीच साक्ष.

शेवटी एक साधा दोरा घ्यायचा. मागच्या चाकाच्या खाचेपासून निघून, हॅण्डलच्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत तो ताणायचा आणि मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही अंगांना किती अंतर भरते ते मोजायचे. अंतर सारखे भरले तर फ्रेम सरळ. नाही भरले तर नाही. दोऱ्याशी हुज्जत घालता येत नाही.

हे झाले घडवणे. पण या छंदाचे मर्म घडवण्याच्याही आधी, बेतण्यात आहे. शिंपी अंगरखा बेततो तशी ही फ्रेम एका विशिष्ट माणसाच्या अंगाला बेतायची असते. त्याच्या पायांची लांबी, धडाची लांबी, हातांची लांबी मोजायची आणि पूर्ण आकाराचे रेखाटन भिंतीवर लावायचे. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मॅट्रिकनंतर माझे जे काही शिक्षण झाले ते रेषांचेच झाले. त्यामुळे हे रेखाटन मला परके वाटले नाही. आसनाची नळी जमिनीशी साधारण ७२ ते ७४ अंशांचा कोन करते. पायडलच्या आसापासून आसन ७० सेंटिमीटर दूर असेल तर या कोनातल्या एका अंशाने आसन सुमारे सव्वा सेंटिमीटर पुढे किंवा मागे जाते. सव्वा सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. पण दिवसाकाठी तीस किलोमीटर जाणाऱ्याचा गुडघा दुखेल की नाही, हे ती बोटाची रुंदी ठरवते.

आमच्याकडे सायकलींची मापे २० इंची, २२ इंची, २४ इंची अशी ठरून गेलेली. त्यातली २२ आणि २४ इंचीच गावोगाव दिसत. घरात सायकल एक, ती बापाची, आणि शिकणारे पोर दहा वर्षांचे. ते दांडीवरून पाय टाकू शकत नाही, म्हणून दांडीखालून पाय घालते, अंग धनुष्यासारखे वाकवते आणि अर्धे अर्धे पायडल मारीत सायकल शिकते. आपल्यापैकी कित्येक असेच शिकले. त्या वाकड्या अंगाचे आपण फार कौतुक केले. त्यावर ललित लेख लिहिले. पण पोराच्या मापाची सायकल असावी, असे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. देहाने यंत्राशी जुळवून घ्यावे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की यंत्राने देहाशी जुळवून घ्यावे असे म्हणणारा माणूस आपल्याला विक्षिप्त वाटतो.

आता पैशांच्या शंकेकडे वळतो. माझ्या शेडमध्ये होणारी फ्रेम महाग पडते, हे मला मान्य आहे. हातखर्च धरला नाही तरी महाग पडते. धरला तर हसू येईल. कारखान्याशी माझे वैरही नाही. लुधियान्याचा हिरो सायकलचा कारखाना १९५६ साली निघाला आणि १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली करणारा म्हणून गिनीज बुकात गेला. त्या कारखान्याच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या काळ्या सायकलींनी या देशातले दूध, टपाल आणि प्राथमिक शिक्षक वाहून नेले आहेत. त्यांचे ऋण मी नाकारीत नाही. सोनपतची अॅटलस कंपनी १९५१ सालची. तिचा साहिबाबादचा शेवटचा चालता कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखे मला वाटले होते.

पण कारखाना सरासरीसाठी राबतो. त्याने तसेच राबावे. प्रश्न आहे तो सरासरीत न बसणाऱ्यांचा. त्यांनी काय करावे?

अमेरिकेत जॉर्जेना टेरी नावाच्या एक यंत्रविद्येच्या पदवीधर बाई होत्या. त्यांनी घराच्या तळघरात हौसेने फ्रेमी जोडायला सुरुवात केली. त्यांना भेटणाऱ्या सायकलस्वार बायका एकच गाऱ्हाणे सांगत: मान दुखते, खांदे दुखतात, हॅण्डल फार लांब पडते. बाजारातल्या सायकली पुरुषांच्या मापाच्या. लहान चणीच्या बाईसाठी म्हणून जी सायकल मिळे ती पुरुषांचीच, जरा आखूड केलेली. टेरीबाईंनी पुढचे चाक मागच्यापेक्षा लहान, २४ इंची घेतले. त्यामुळे वरची नळी आखूड करता आली आणि पाऊल पुढच्या चाकाला अडेनासे झाले. दिसायला ती सायकल विचित्र दिसे. पण बायकांच्या माना दुखायच्या थांबल्या. १९८५ साली त्यांनी आपली कंपनी काढली आणि त्यानंतर मोठ्या कारखानदारांना बायकांच्या मापाचा विचार करणे भाग पडले. एवढे कारखाने, एवढे अभियंते, एवढी वर्षे. आणि निम्म्या मनुष्यजातीची चण वेगळी आहे हे कळले ते एका तळघरातल्या हौशी बाईला! ज्याला विकायची घाई नसते त्याला ऐकायला वेळ असतो, हे त्याचे कारण.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची हकीकत तर याहून बोलकी आहे. धंद्यात बुडालेला हा सायकलस्वार. त्याने आपली सायकल आपणच जोडली आणि तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातली बेअरिंगे बसवली. हात छातीखाली दुमडून बसण्याची एक अजब रीत त्याने काढली आणि फ्रेम त्या रीतीला बेतली. एका तासात जास्तीत जास्त अंतर तोडण्याचा विक्रम तेव्हा इटलीच्या फ्रान्चेस्को मोझरच्या नावे होता. १९८४ सालचा, ५१.१५१ किलोमीटरचा. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतल्या हामार येथे ओब्रीने पहिला प्रयत्न केला तो बाहेरून करवून घेतलेल्या सफाईदार प्रतिकृतीवर. तो फसला. दुसऱ्या दिवशी, १७ जुलैला, त्याने आपली घरची सायकल काढली आणि ५१.५९६ किलोमीटर तोडले. सहाच दिवसांत ख्रिस बोर्डमनने तो विक्रम मोडला. पुढच्या वर्षी ओब्रीने तो परत मिळवला. मग जागतिक सायकल संघटनेच्या अधिकाऱ्यांनी १९९४ साली त्याची बसण्याची रीतच नियमबाह्य ठरवली. घरी घडवलेल्या वस्तूला हरवता आले नाही म्हणजे तिच्याविरुद्ध नियम करायचा, ही युक्ती फक्त आमच्याच शिक्षणखात्याला ठाऊक आहे असे मी समजत होतो.

आणखी एक शंका हल्ली ऐकू येते. कार्बनच्या युगात पोलाद म्हणजे कालबाह्य प्रकार, असे शहरातले तरुण म्हणतात. त्यांनी जपानकडे पाहावे. तिथे १९४८ सालापासून ‘केइरिन’ नावाच्या सायकलशर्यती चालतात. त्यांवर पैसे लागतात, म्हणून यंत्राने कुणाला झुकते माप देऊ नये असा कडक नियम. पुरुषांच्या शर्यतीला फ्रेम पोलादी आणि मान्यता मिळालेल्या कारागिराच्याच हातची हवी. त्यांपैकी योशिआकी नागासावा हे इटलीत शिकून आलेले. कोइची नाकानो या त्यांच्या देशबांधवाने १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षे वेगाच्या शर्यतीचे जगज्जेतेपद राखले, ते नागासावांच्या हातच्या फ्रेमवर बसून. पोलाद जड असते, खरे. पण पोलाद वाकले तर सरळ करता येते, तुटले तर गावातला गॅसवाला जोडून देतो. कार्बन तुटला म्हणजे आमच्या तालुक्यात तरी तो भंगारात जातो.

पैशांची बाजू इथे संपवतो. खरा वाद अब्रूचा आहे.

‘लोहारकाम’ हा शब्द त्या टीकाकारांनी ज्या स्वरात उच्चारला तो स्वर आपल्या समाजाच्या घशात फार खोलवर बसलेला आहे. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यातल्या अॅशलँड गावी १९८१ साली सायकलविद्येची एक शाळा निघाली. तिथे फ्रेम जोडायला शिकवीत. पदरचे डॉलर भरून लोक दोन दोन आठवडे झाळकाम शिकायला येऊन राहत आणि आपली फ्रेम काखोटीला मारून घरी जात. त्यांत चांगल्या नोकऱ्या असलेली माणसे असत. हाताला काजळी लागली म्हणून त्यांतल्या कुणाची सोयरीक मोडली नाही.

मला झाळकाम शिकवले ते आमच्या गावातल्या एका मिस्त्रींनी. गुऱ्हाळांच्या आणि साखर कारखान्याच्या मुलखात त्यांचे दुकान. उसाच्या ट्रॉल्यांचे सांगाडे जोडणे हा धंदा. चौथी शिकलेले. ज्योतीच्या रंगावरून ते उष्णता सांगतात. नळीच्या तोंडावर अंगठा फिरवून "सर, डाव्या अंगाला केसभर जास्त आहे" म्हणतात, आणि मोजून पाहिले तर असते. माझ्या पदव्या धारण करणाऱ्या स्नेह्यांत असा अंगठा कुणाचा नाही. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचा हातही बापासारखाच. मी एकदा म्हटले, "मिस्त्री, पोराला थोडे दुकानात बसवा, हात चांगला आहे." त्यावर त्या माणसाने आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "सर, तुम्ही रविवारचं करता म्हणून तुमचं कौतुक होतं. मी सोमवारचं करतो. पोराचे हात असे नकोत व्हायला."

या वाक्याला उत्तर नाही, आणि ज्या कुणा हौशी माणसाला ते आहे असे वाटते त्याने हा लेख इथेच मिटवावा. एकच ज्योत, एकच सळई, एकच टाकणखार. माझ्या हातात असली की तिला छंद म्हणतात आणि स्थानिक वर्तमानपत्र माझे छायाचित्र छापते. मिस्त्रींच्या हातात असली की ते लोहारकाम होते आणि गिऱ्हाईक त्यांना ‘ए वेल्डर’ म्हणून हाक मारते. कामात फरक असेल तर तो त्यांच्या बाजूने आहे, कारण त्यांचे माझ्याहून चांगले होते. फरक आहे तो करणाऱ्याच्या जातीत, शिक्षणात आणि मिळकतीत. ‘छंद’ हा शब्द आपण पोट भरलेल्या माणसांसाठी राखून ठेवला आहे. ‘श्रम’ हा उरलेल्यांना दिला आहे. आणि दोघांच्या मध्ये एक पडवी आहे, तिच्या आत काळ्या हाताच्या माणसाने येऊ नये असा अलिखित कायदा आहे.

माझ्या सहधर्मी हौशी मंडळींशी भांडायचे आहे ते इथेच. शहरात हल्ली हाताने घडवलेल्या सायकलीची एक पूजा सुरू झाली आहे. परदेशी कारागिराची फ्रेम लाखो रुपये देऊन आणायची, बैठकीच्या भिंतीवर टांगायची आणि पाहुण्यांना तिच्या लगवरचे नक्षीकाम दाखवायचे. पोलादाला आत्मा असतो, हाताच्या वस्तूत माणसाची ऊब असते, असे या मंडळींचे म्हणणे. मला हे म्हणणे टीकाकारांच्या कुत्सितपणाइतकेच खोटे वाटते. हाताने केलेली वस्तू हाताने केली म्हणून चांगली होत नाही. कच्च्या झाळीची फ्रेम उतारावर सुटली तर तिच्यातली ऊब दात वाचवीत नाही. पोलादाला विशेषणे कळत नाहीत. माझी एखादी कादंबरी सैल झाली तर तिला ‘संथ लयीची’ म्हणणारा समीक्षक मला भेटू शकतो. वाकडी फ्रेम हात सोडला की एका अंगाला ओढते. तिला कुणी संथ लयीची म्हणत नाही. मला या कामाची गोडी लागली ती या निर्दयपणामुळे. लिहिणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी असा परीक्षक भेटावा, ज्याच्याशी ओळख काढता येत नाही.

शिवाय ही पूजा करणारे सद्गृहस्थ आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीकडून खोगिराचा खांब झाळून घेतात तेव्हा दहा रुपयांवरून घासाघीस करतात. इटलीतला हात कलावंताचा आणि गल्लीतला हात मजुराचा, हा भेद पोलादाने केलेला नाही.

आता कुणी म्हणेल, मग गुरुजी, तुमच्या या रविवारच्या उद्योगातून त्या मिस्त्रींना काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक मुलगी आली. वस्तीवरून, सहा किलोमीटरवरून. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चार सेंटिमीटर आखूड आहे. घरच्यांनी घेऊन दिलेली सायकल होती. ती ती ढकलीत आणी, दप्तर वाहायला. त्या मुलीची मापे मी घेतली, रेखाटन मी केले, आणि ते रेखाटन घेऊन मिस्त्रींकडे गेलो. वरची नळी खाली झुकती घेतली, चाके २४ इंची घेतली, डावा क्रँक कापून आखूड केला आणि त्या बाजूच्या पायडलवर लाकडी ठोकळा बसवला. अकरा रविवार लागले. मिस्त्रींनी अकरा रविवार दुकान बंद ठेवले आणि मजुरीचा विषय काढू दिला नाही. रंग मुलीने निवडला, ट्रॅक्टरचा तांबडा. दहावी होईपर्यंत ती त्याच सायकलीवर आली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून बसून आत आली त्या दिवशी मिस्त्री रस्त्यापलीकडे उभे होते. आत या म्हटले तर म्हणाले, "कपडे कामाचे आहेत." हौसेची किंमत विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्या रविवारांपुरते त्यांचे काम सोमवारचे नव्हते.

राहता राहिली शाळा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली आणि मुलाने हस्तोद्योगाच्या द्वारे शिकावे अशी योजना देशापुढे ठेवली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव शाळेत आणायला सांगितले. २०२०च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे आपण कागदावर हाताचे गोडवे गात आहोत. आणि शाळेत? कार्यानुभवाच्या तासाला कागदी पाकिटे आणि शोभेचे आकाशकंदील होतात. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला जातो. शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य रोज ऐकू येते: "अभ्यास कर, नाही तर गॅरेजात जाशील." ज्या शाळेत गॅरेज ही शिक्षा म्हणून सांगितली जाते तिथे दहा दिवसांची सुताराची भेट म्हणजे प्राणिसंग्रहालयाची सहल. मुले पाहून येतील, निबंध लिहितील आणि सुताराला विसरतील.

या महाराष्ट्रात एक यंत्ररेखन शिकवणारा मास्तर होऊन गेला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तो शिकवी. १८८८ साली भावाबरोबर बेळगावात त्याने सायकलींचे दुकान काढले. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता त्याचा हात लोखंडावर बसला आणि पुढे १९०३ साली त्याचा लोखंडी नांगर निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपण उद्योगपती म्हणून घेतो, पुतळे उभारतो. पण पांढरपेशा मास्तर तेलकट हातांनी सायकलीपुढे बसला होता, ही त्या चरित्रातली पहिली गोष्ट आपण मुलांना सांगत नाही. अमेरिकेतले राइट बंधूही डेटनचे सायकल दुकानदार. १८९६ पासून ते स्वतः सायकली घडवीत आणि १९०३ च्या त्यांच्या विमानात पंखे फिरत होते ते साखळी आणि दातेरी चक्रांवर. या माणसांना कुणी पंगतीत ‘लोहारकाम करता म्हणे’ असे म्हटले असेल की नाही, कोण जाणे. म्हटले असेल तर ते नाव कुणी लक्षात ठेवलेले नाही.

माझी मागणी लहान आहे, म्हणून ती मान्य होणे कठीण. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक व्हाइस, चार कानशी आणि एक ज्योत असावी. ती ज्योत धरायला गावातला मिस्त्री यावा. तो पाहुणा म्हणून नको, शिक्षक म्हणून हवा. हजेरीपटावर त्याचे नाव असावे, शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची असावी आणि महिनाअखेर त्याला पगार मिळावा. चौथी पास माणसाला शिक्षक कसे नेमणार, असा आक्षेप येईल. त्याला एक नळी द्या, आक्षेप घेणाऱ्याला एक नळी द्या, आणि दोघांनी कोरलेल्या तोंडांमागे दिवा धरा. कुणाच्या फटीतून उजेड येतो ते नियामक मंडळाने स्वतः पाहावे. वर्षातून वर्गाने मिळून एक फ्रेम करावी, आणि ती शाळेतल्या अशा मुलाला द्यावी ज्याला बाजारातली सायकल बसत नाही. प्रत्येक शाळेत असे एक मूल असते. शोधावे लागत नाही. ते सायकल ढकलीत येते.

हे होईपर्यंत मला ‘छंदिष्ट’ म्हणून गौरवू नये. माझ्या शेडमध्ये जे चालते त्याचे नाव लोहारकाम आहे, आणि तो शब्द मी शिवी म्हणून परत करायला तयार नाही.